थायलंडसाठी वाजलेली झांज

मित्रांनो, कडेचा एवढासा टवका उडालाय तो सोडला, तर मी जुनी झांज अजून ठणठणीत आहे. आरतीच्या वेळी तुम्ही मला पाहिलं असेल, कदाचित मला वाजवायला मिळावं म्हणून भावंडांशी भांडलाही असाल. काशाच्या दोन वाट्या आणि त्यांतून ओवलेली दोरी, एवढाच माझा संसार. माझ्या हकिगतीत देव आहे, कीर्तन आहे आणि क्रिकेटही आहे. हसू नका. मलासुद्धा आधी ते पटलं नव्हतं.

माझा जन्म सावंतवाडीच्या बाजूचा. एका कासाराच्या भट्टीत तांबं आणि कथील एकत्र वितळलं आणि मी झाले. तो कासार मोठा हट्टी होता. मला ठोकता ठोकता थांबायचा, कानाशी नेऊन टिचकी मारायचा आणि आवाज बसका वाटला की पुन्हा विस्तवात घालायचा. कितीदा तरी भाजून निघाले तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

मला विकत घेतलं गुणाजीबुवांनी. बुवा मुंबईला गिरणीत होते. दिवसभर कापड विणणाऱ्या साच्यांचा खडखडाट ऐकायचा आणि संध्याकाळी अंगावर उपरणं टाकून कीर्तनाला उभं राहायचं, असा त्यांचा नेम. कीर्तन म्हणजे नुसतं गाणं नव्हे बरं का. आधी देवाधर्माचं चार शब्दांत सांगायचं, मग एखादी गोष्ट रंगवायची, मध्येच पद म्हणायचं, मध्येच हसवायचं, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याला तिथेच सोडून गजर करायचा. गजर आला की माझं काम सुरू. बुवांच्या पाठीशी त्यांची लहानगी विमला मला हातात धरून उभी असायची. तिच्या तळव्यांपेक्षा मी मोठी होते. पहिल्याच कीर्तनात तिच्या हातून मी फरशीवर पडले. तो टवका तेव्हाचा.

बुवांचा एक नियम होता. कीर्तनाच्या दिवशी सकाळपासून मौन. आज आवाज देवाचा आहे, तो भाजीवाल्याशी घासाघीस करण्यात खर्च करायचा नाही, असं ते म्हणायचे. गिरणी बंद पडली, कुटुंब मरोळच्या बैठ्या चाळीत आलं, बुवा थकले आणि एक दिवस त्यांनी मला विमलाच्या ओंजळीत ठेवलं. मी तिच्याकडे गेले आणि माझ्याबरोबर मौनाचा नियमही गेला.

मग आले माझे कौतुकाचे दिवस. विमलाची विमलाताई झाली. चाळीमागच्या देवीच्या देवळात नवरात्रातली अष्टमी त्यांची. सतरंज्या पुरायच्या नाहीत, माणसं पार रस्त्यापर्यंत बसायची. विमानतळ जवळ असल्यामुळे दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जायचं. तेवढ्यापुरत्या विमलाताई थांबायच्या, सगळी सभा थांबायची, आणि विमान गेलं की गोष्ट जिथे होती तिथूनच पुढे चालायची. बायका कीर्तन संपल्यावर मला हात लावून तो हात डोळ्यांना लावायच्या. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा थोडा गर्व झाला होता.

विमलाताईंचे यजमान मधुकरराव. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात त्यांनी उभी हयात लेथ चालवली. माणूस मनाने लोण्यासारखा, पण एका बाबतीत कच्चा. हरणं त्यांना बघवत नसे. भारताचे गडी पटापट बाद व्हायला लागले की ते टीव्ही बंद करून चाळीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. बायकोच्या कीर्तनालाही ते कधी पुढे बसले नाहीत. चपलांच्या ढिगाजवळ उभे असायचे. जसजशी माणसं कमी व्हायला लागली तसतसे तेही लवकर निघून पानाच्या टपरीवर जायला लागले. विमलाताईंना वाटायचं, ह्यांना माझं कीर्तन आवडत नाही. त्या बोलून दाखवत नसत, पण घरी आल्यावर मला पुसताना त्यांचा हात जड पडायचा. मला ते कळायचं.

माणसं कमी झाली हे मात्र खरं. आधी सतरंजीच्या कडा दिसायला लागल्या, मग मधली नक्षी. मित्रांनो, नक्षी सुंदर होती, पण कीर्तनकाराला ती कधी दिसू नये.

अशाच एका फेब्रुवारीतली ही गोष्ट. सकाळी मधुकररावांनी टीव्ही लावला. ऑस्ट्रेलियात बायकांचा विश्वचषक चालू होता, आज भारताचा सामना आहे अशी त्यांची समजूत. पाहतात तर मैदानात थायलंडच्या मुली. त्यांनी चॅनल बदलायला रिमोट उचलला, पण त्यातले सेल संपलेले. शेजारी बसून विमलाताई मला चिंचेने घासत होत्या. मधुकररावांनी रिमोट तळहातावर दोनदा आपटला आणि नाइलाजाने बघत बसले.

त्या मुली वाईट रीतीने हरत होत्या. चेंडू अडवायला पळायच्या, पडायच्या, उठायच्या आणि हसायच्या. मधुकररावांना ते हसणं सहन होईना. एवढा मार खाऊन हसण्यासारखं काय आहे, असं ते टीव्हीलाच विचारत होते. अखेर सामना संपला. थायलंडचा दणदणीत पराभव झाला. आता रडतील, असं मला वाटलं. पण त्या सगळ्या मुली एका रांगेत उभ्या राहिल्या, प्रेक्षकांकडे तोंड केलं, हात जोडले आणि कमरेत वाकल्या. समोर माणसं तुरळक. बाकी नुसत्या रिकाम्या खुर्च्या.

विमलाताईंच्या हातातली चिंच तशीच राहिली.

"कोणाला नमस्कार करतायत हो?" त्यांनी विचारलं.

"लोकांका. बघूक इले म्हणान," मधुकरराव आपल्या मालवणीत म्हणाले.

"हरल्या तरी?"

"हरले तरी."

विमलाताई पुन्हा मला घासू लागल्या. पण मला पुसून पिशवीत ठेवताना त्यांनी आधी कपाळाला लावलं. रोज लावायच्या त्यापेक्षा जरा जास्त वेळ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला, श्रुतिकाला, त्या पोरींची पुढची मॅच कधी आहे ते फोनवर बघायला सांगितलं. श्रुतिकाला आधी वाटलं, आईंनी थायलंडच्या सहलीचं विचारलं. मग सामना आहे हे कळल्यावर ती हसत सुटली. चाळीत बातमी पसरायला काय उशीर. शेजारच्या सुगंधाकाकू दारातून जाता येता चिडवायला लागल्या, की विमल, आपला देश सोडून कुठे नातं जोडलंस? विमलाताईंचं उत्तर ठरलेलं. भारताला अख्खा देश आहे गं, त्यांना कोण आहे?

मार्चच्या सुरुवातीला तो सामना आला, पाकिस्तानविरुद्ध. त्या दिवशी थायलंडच्या मुली अशा खेळल्या की मधुकररावही खुर्चीच्या काठावर आले. धावा भरपूर झाल्या. विश्वचषकातला त्यांचा पहिला विजय आता होणार, असं सगळ्यांना वाटत होतं. आणि पाऊस आला. मैदानावर ताडपत्र्या पसरल्या गेल्या. मधुकररावांनी सवयीने रिमोट उचलला.

"असू दे चालू," विमलाताई म्हणाल्या. "थांबेल पाऊस."

पाऊस थांबला नाही. सामना रद्द झाला. पण तोवर दोघं नवराबायको ताडपत्रीवर पडणारं पाणी बघत बसले होते, आणि सुनेने आणून ठेवलेला चहा निवून त्याच्यावर साय धरली होती. मित्रांनो, हरलेल्या सामन्याची हळहळ सगळ्यांनाच वाटते. पावसाने नेलेल्या सामन्यासाठी ज्याचा जीव तुटतो, तो त्या संघाचा झाला म्हणून समजा.

त्यानंतर जगावर काय संकट आलं ते तुम्हाला ठाऊक आहे. देवळं बंद झाली. कीर्तन कुणापुढे करणार? माझी रवानगी कपाटावर झाली. दोन नवरात्रं मी कापडी पिशवीतून फक्त ऐकली. अंगावर हिरवट डाग चढले, दोरी कुजली. काशाचं भांडं असतं तर निदान कुणी त्यात पाणी प्यायलं असतं. झांजेचा दुसरा उपयोग काय?

तिसऱ्या वर्षी देऊळ उघडलं. विमलाताईंनी मला खाली काढलं, घासलं, नवी दोरी ओवली. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष सहदेव नाईक घरी आले. भला माणूस, पण सरळ बोलणारा. दोन वर्षांनी नवरात्र होतंय, पोरांना नऊही दिवस गरबा हवाय, अष्टमी देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मंडप दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत आहे, त्या दिवशी एकादशी, तेव्हा कीर्तन करा. मग थोडं अडखळून म्हणाले, "ताई, तुम्ही मोठ्या. पण माणसं नाही आली तर पुढच्या वर्षीपासून राहू दे. तुम्हाला त्रास आणि आम्हाला बघून वाईट वाटतं."

विमलाताईंनी मान हलवली. ते गेल्यावर देवापुढे जाऊन बसल्या. आपल्या हातून बापाचं कीर्तन बंद पडणार, हे एकच त्यांच्या मनात घोळत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रियाज सुरू केला. दोन वर्षांत गंजलेला गळा तो, एकदम ताण पडल्यावर धरला. त्यामुळे एकादशीच्या दिवशी मौन पाळायचं, अगदी हूं की चूं करायचं नाही, असं त्यांनी घरात सर्वांना बजावून ठेवलं.

आणि नेमकी त्याच सकाळी थायलंडची मॅच आली. बायकांचा आशिया चषक, समोर पुन्हा पाकिस्तान. मधुकररावांनी टीव्ही लावला. विमलाताई उपासाची भगर खाऊन शेजारी बसल्या, तोंड घट्ट मिटून. मी त्यांच्या मांडीवर. संध्याकाळसाठी मला पुसायला घेतलं होतं.

पाकिस्तानच्या मुलीही जिवाचं रान करून खेळत होत्या. थायलंडच्या धावा हळूहळू जमत होत्या. एक चौकार गेला. विमलाताईंचं तोंड उघडलं, त्यांनी ते तसंच मिटलं आणि दोन्ही हातांनी मला उचललं. छन्न! मी दचकले. देवापुढे वाजणारी मी, चौकारावर वाजू? मला अपमान वाटला. तेवढ्यात दुसरा चौकार. पुन्हा छन्न. मग दोन धावांना बारीक, एका धावेला त्याहून बारीक, आणि गडी बाद झाला की नुसती कडेला कड लावून कुरकुर. बोलता येत नव्हतं ना त्यांना. सगळं बोलणं माझ्यातून चाललं होतं.

झांजेचा आवाज चाळभर गेला. आणि एकादशीच्या सकाळी झांज वाजली तर आमच्या चाळीत माणसं काय समजणार? सुगंधाकाकू ओल्या केसांनी निरांजन घेऊन आल्या. मागून दोघीतिघी फुलं घेऊन. कोपऱ्याच्या खोलीतला नितेश कामावर निघाला होता, तो हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून हात जोडून आत आला. आरतीला उशीर झाला म्हणून सगळे खजील. आत पाहतात तर देवघराकडे पाठ करून विमलाताई टीव्हीपुढे झांज वाजवताहेत.

"काकू, देव कुठाय?" नितेशने विचारलं.

"थंय बघ," मधुकरराव टीव्हीकडे बोट करत म्हणाले, "बॅटिंग करतत."

सुगंधाकाकूंनी निरांजन स्टुलावर ठेवलं आणि थोडं बघून जाते म्हणत टेकल्या. मग कोणीच गेलं नाही. सामना शेवटच्या षटकापर्यंत गेला. नितेशच्या ऑफिसातून फोन येत होता, तो वाजून वाजून बंद पडला. एकच चेंडू शिल्लक असताना थायलंडने सामना जिंकला.

"जिंकल्या!" विमलाताई ओरडल्या.

मौन मोडलं. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि या पोरी कोण, कुठल्या, म्हणून विचारत होते. आता मोडलंच आहे तर, असं म्हणून त्या सांगत सुटल्या. तो पहिला पराभव, रिकाम्या खुर्च्यांना केलेला नमस्कार, तो पाऊस, ती ताडपत्री. उभ्या राहून, हातवारे करून, रडत, हसत त्यांनी सगळं सांगितलं. सुगंधाकाकूंनी दोनदा डोळे पुसले. निरांजन विझून गेलं.

दुपारी जेवायला हाक मारायला गेल्या आणि गळ्यातून नुसती हवा आली.

मग गरम पाणी झालं, ज्येष्ठमध झाला, खडीसाखर झाली. आवाज काही परतला नाही. सहदेवकाकांना फोन करून नाही म्हणून सांगू का, असं श्रुतिकाने हळूच विचारलं. आज नाही केलं तर पुन्हा दिवस मिळणार नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. उभं राहून फजिती झाली तरीही मिळणार नव्हता. मग विमलाताईंनी मला पदराखाली घेतलं आणि सुनेच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजल्या, "हरायच्या दिवशीपण त्या पोरी मैदानात उतरल्याच होत्या ना गं."

संध्याकाळी मंडपात गरब्याचे दिवे उतरवणं चालू होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, बहुतेक रिकाम्या. नेहमीचे म्हातारे चारपाच आणि सकाळी आरतीला म्हणून आलेली आमची चाळीतली मंडळी. सहदेव कडेला हाताची घडी घालून उभे. मधुकरराव चपलांजवळ. श्रुतिकाने पेटीवर सूर धरला. विमलाताईंनी देवीला हात जोडले आणि गजर सुरू केला. पहिली ओळ फाटकी का होईना, निघाली. दुसरीला आवाजच फुटला नाही.

मी वाजत राहिले. पण नुसती झांज किती वेळ वाजणार? एक म्हातारा खाली बघू लागला. सहदेवांनी मान फिरवली. आणि मला दिसलं, मधुकरराव चपला पायात सरकवत होते. टपरीच्या दिशेने ते वळलेसुद्धा. विमलाताईंनीही पाहिलं. त्यांची बोटं माझ्या दोरीवर अशी आवळली गेली की मला वाटलं, आता तुटते.

तेवढ्यात वरून विमान गेलं. सवयीने सगळे थांबले. त्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं. विमान दूर गेलं, आवाज विरला, आणि मागून कुणीतरी ती दुसरी ओळ म्हणत असल्याचं कळलं. बेसूर, भसाडी, लेथच्या आवाजावर वरचढ व्हायची सवय असलेली ती पट्टी. मधुकरराव गात होते. चपला काढून, खुर्च्यांमधून वाट काढत ते पुढे आले आणि पहिल्या रांगेत बसले. ओळ सोडली नाही. पुढची म्हटली, तिच्या पुढचीही म्हटली. एकही शब्द चुकला नाही. इतकी वर्षं चपलांजवळ उभं राहून त्यांना सगळं कीर्तन पाठ झालं होतं, आणि हे विमलाताईंना त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्यांच्यामागे नितेशने ओळ धरली, मग सुगंधाकाकूंनी, मग म्हाताऱ्यांनी. गाणं ऐकणाऱ्यांनी म्हटलं आणि गोष्ट विमलाताईंनी कुजबुजत सांगितली. खरखरत्या माईकवर कुजबूज नीट ऐकू येईना म्हणून लोकांनी खुर्च्या ओढून जवळ घेतल्या. दिवे उतरवणारे दोघे शिडीवरच थबकले. मागे रिकाम्या खुर्च्या तशाच राहिल्या, त्या काही भरल्या नाहीत. पण पुढे दाटीवाटी झाली होती, आणि मित्रांनो, मी माझ्या उभ्या आयुष्यात इतकी हळू आणि इतकी मनापासून कधी वाजले नव्हते.

कीर्तन संपल्यावर सहदेव आले. वाकून नमस्कार केला.

"ताई, पुढच्या वर्षीपण एकादशीच हं. अष्टमी नाही जमायची."

विमलाताईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसते हात जोडले. उत्तर मधुकररावांनी दिलं. "चलात. पण माईक जरा बरो बघ, सहदेवा."

घरी जाताना दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत. एकीला आवाज नव्हता आणि दुसऱ्याचा गाऊन गाऊन बसला होता.

पुढे त्या स्पर्धेत एक गंमत झाली. दुसऱ्याच कुणाचा तरी सामना पावसात वाहून गेला, आणि त्यामुळे आमच्या थायलंडच्या मुली उपांत्य फेरीत पोहोचल्या. समोर कोण, तर भारत. आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. झांज आज कुणाची, म्हणून सगळे विमलाताईंना विचारत होते. मी दोन्ही संघांसाठी वाजले. भारताच्या मुली सहज जिंकल्या, चाळीला आनंद झाला. थायलंडचे गडी एकामागून एक परतत होते तेव्हा रिमोट मधुकररावांच्या शेजारीच पडला होता. त्यांनी त्याला हात लावला नाही.

तर अशी माझी कहाणी. माझ्यासारखी झांज तुमच्या घरी असेल तर तिला पिशवीत कोंडून ठेवू नका. वाजवा, चिंचेने घासा, कोरडी पुसा, दोरी विरली की बदला. आमच्या जातीला वापराने काही होत नाही, आम्ही न वापरल्याने मरतो. आणखी एक मागणं आहे, तेवढं ऐका. तुमच्या शाळेत, गल्लीत, देवळात कुणीतरी रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळत असेल, गात असेल, बोलत असेल. ते जिंकेल की नाही ते देवाला माहीत. तुम्ही फक्त एक खुर्ची अडवा, आणि शेवटपर्यंत बसा.